बाहेरून दाबलेलं सील: एका राजदूत ३५० ची पुनर्बांधणी

पार्श्वभूमी

गाडी १९८५ ची राजदूत ३५०. यामाहाची आरडी ३५० आली १९७३ मध्ये. त्याच आराखड्यावर एस्कॉर्ट्सने १९८३ पासून ती भारतात बनवली. पुढचा डिस्क ब्रेक जाऊन ड्रम आला, इंजिन थोडं मवाळ केलं, पण गाभा तोच राहिला: टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, ३४७ सीसी, ६४ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ५४ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), रीड व्हॉल्व्ह (मिश्रण एकाच दिशेने आत सोडणारी पातळ पात्यांची झडप) आणि सहा गिअर. ज्यांनी ती तरुणपणी चालवली ते आजही तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

ही गाडी मालकाच्या काकांची. काका गेल्यावर ती घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एकोणीस वर्षं उभी होती. कुणीतरी कधीतरी डाव्या सिलिंडरचा प्लग काढून नेला होता आणि भोक तसंच उघडं राहिलं होतं. पुढच्या जवळपास प्रत्येक अडचणीचं मूळ त्या उघड्या भोकात होतं, हे आम्हाला फार उशिरा उमगलं.

मालक चाळिशीतला, नोकरी करणारा, हाताने काम करायची आवड असलेला. याआधी त्याने एक साधी फोर-स्ट्रोक गाडी घरी खोलून पुन्हा जोडली होती. शेडमध्ये लाकडी बाक, पान्यांचा चांगला संच, व्हर्निअर, डायल गेज आणि दोन-तीन पुलर एवढी तयारी होती. लेथ नव्हतं, प्रेस नव्हता. मी पहिल्या दिवसापासून सोबत होतो. या प्रकरणातला सर्वांत महागात पडलेला निर्णय दोघांनी मिळून घेतला, म्हणून तोच सविस्तर लिहितो आहे.

समस्या

किकचा दांडा खाली जातच नव्हता. टाकीच्या तळाशी गंजाचा जाड थर होता. कार्बोरेटरमध्ये वाळलेल्या पेट्रोलचा पिवळट राळेसारखा लेप होता. वायरिंग हाताळलं की वरचं आवरण तुटून पडत होतं. फ्रेम मात्र सरळ होती, इंजिन आणि चासीचे ठोकलेले नंबर स्पष्ट वाचता येत होते आणि एकही मोठा भाग गायब नव्हता. अशा गाडीचं काम सुरू करताना मी सगळ्यात आधी हेच पाहतो. वाकलेली फ्रेम किंवा हरवलेली हेड्स (सिलिंडरची वरची झाकणं) यांनी जेवढी कामं अर्धवट राहिली आहेत तेवढी गंजाने राहिलेली नाहीत.

ध्येय मालकाने सुरुवातीलाच ठरवलं होतं: गाडी प्रदर्शनात ठेवायची नाही, चालवायची. दोन महिन्यांत होईल असा त्याचा अंदाज होता. लागले चौदा महिने.

जाम इंजिन

तीन मार्ग होते. गाडी गिअरमध्ये टाकून ढकलायची, प्लगच्या भोकातून तेल सोडून वाट पाहायची किंवा थेट हेड उघडायचं. पहिला मार्ग लगेच बाद केला. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीत पोर्ट असतात, म्हणजे मिश्रण आत यायची आणि धूर बाहेर जायची भोकं. गंजलेली रिंग पोर्टच्या कडेला अडकली आणि वरून जोर बसला, तर रिंग तुटते किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो.

दोन्ही भोकांतून डिझेल आणि पातळ तेलाचं मिश्रण सोडलं आणि दहा दिवस थांबलो. काही हललं नाही. मग डावं हेड उतरवलं. पिस्टन वरून साधारण इंचभर खाली आणि त्याच्यावर भिंतीभोवती गंजाचं तपकिरी कडं. उजव्या सिलिंडरमध्ये सगळं चकचकीत होतं. गंजाचं कडं बारीक पॉलिश पेपरने हळूहळू उतरवलं, सिलिंडरला बाहेरून हॉट एअर गनने ऊब दिली, पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके दिले. असं रोज थोडं. चौथ्या दिवशी पिस्टन केसभर सरकला. त्या संध्याकाळी आणखी जोर लावायचा मोह आवरला, हे या प्रकरणातलं आमचं सर्वांत शहाणं काम.

बोअरचं माप

पिस्टनच्या डोक्यावर ०.५० कोरलेलं होतं. म्हणजे या इंजिनाची सिलिंडरं आधीच आतून कातून मूळ मापापेक्षा दोन पायऱ्या, अर्धा मिलिमीटर, मोठी केलेली होती. या मालिकेचे पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळतात आणि १.०० नंतर सहसा रस्ता संपतो. उजवं सिलिंडर ०.७५ वर स्वच्छ निघालं असतं. डाव्यात गंजाने पाडलेले खड्डे इतके खोल होते की १.०० शिवाय ते जाणार नव्हते.

पर्याय दोन. डाव्यात नवी स्लीव्ह (सिलिंडरच्या आतलं अस्तर) बसवून दोन्ही बाजू ०.७५ वर आणायच्या, किंवा दोन्ही सरळ १.०० वर न्यायच्या. दोन सिलिंडर वेगळ्या मापाचे ठेवले तर दोन्ही बाजूंच्या पिस्टनचं वजन जुळत नाही, म्हणून तो विचार आम्ही केलाच नाही. मालकाने १.०० निवडलं, कारण त्या मापाचे पिस्टन हाताशी होते आणि स्लीव्हचं काम चांगलं करणारा लेथवाला शोधण्यात वेळ जाणार होता. मी विरोध केला नाही. आज विचाराल तर सांगेन, निरोगी उजव्या सिलिंडरची शेवटची पायरी आम्ही विनाकारण खर्च केली. स्लीव्ह बसवली असती तर दोन्ही बाजूंना आणखी एका बोअरची सोय राहिली असती, आणि पुढे जे घडलं त्यात एवढा घाम फुटला नसता.

एक गोष्ट मात्र नीट केली. पिस्टन आधी लेथवाल्याच्या हाती दिले आणि प्रत्येक सिलिंडर त्याच्या त्याच्या पिस्टनच्या मापाने बोअर करून घेतलं. बोअर झाल्यावर पोर्टच्या धारदार कडा हाताने किंचित गोल केल्या. हे काम पुष्कळदा राहून जातं आणि नव्या रिंगा पहिल्याच दिवशी ओरबाडल्या जातात.

सीलचा निर्णय

इथे जरा थांबतो, कारण सगळं प्रकरण इथे फिरलं.

टू-स्ट्रोकचं क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालचं क्रँकचं (पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरवणाऱ्या दांड्याचं) घर, हाच एक पंप असतो. पिस्टन वर जाताना खाली पोकळी तयार होते आणि कार्बोरेटरमधून मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबलं जाऊन पोर्टमधून वर जातं. जोसेफ डे यांनी १८९१ मध्ये क्रँककेसमध्येच मिश्रण दाबायची ही रीत आणली, आणि तेव्हापासून या जातीच्या इंजिनाची अट एकच आहे: क्रँककेस हवाबंद हवं. क्रँकच्या दोन्ही टोकांना ही जबाबदारी रबरी ऑइल सीलवर असते.

राजदूत ३५० मध्ये डाव्या टोकाला जनरेटर आणि प्लगची ठिणगी वेळेवर पाडणारे पॉइंट असतात. तिथे तेल नसतं. डावं सील गळलं तर बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोलचं प्रमाण कमी पडतं, पिस्टन तापतो. उजव्या टोकाला क्लच आणि गिअरबॉक्सचं तेल. उजवं सील गळलं तर ते तेल आत ओढलं जातं आणि उजव्या सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो. उजव्याचं दुखणं डोळ्यांना दिसतं. डाव्याचं दिसत नाही, आणि पिस्टन खातं तेच.

एकोणीस वर्षं उभ्या गाडीतली सील दगडासारखी कडक झालेली असणार, यात शंका नव्हती. पर्याय तीन होते.

जुनीच सील ठेवून गाडी चालू करून पाहायची. हा विचार दोघांनीही केला नाही.

क्रँककेस दुभंगायचं. हे क्रँककेस आडवं उघडतं, वरचा-खालचा असे दोन भाग होतात. सीलच्या बाहेरच्या अंगावर एक उभार कडं असतं आणि ते केसमधल्या खाचेत बसतं. त्यामुळे सील योग्य रीतीने बदलायचं तर केस उघडावंच लागतं.

तिसरा मार्ग: जुनं सील बाहेरून उपसून काढायचं, नव्या सीलचं कडं ब्लेडने कापून ते गुळगुळीत करायचं आणि बाहेरूनच दाबून बसवायचं. असं करणारे अनेक आहेत आणि अनेकांच्या गाड्या चालतातही.

आम्ही तिसरा मार्ग घेतला. कारण भीती. मालकाने केस कधी उघडलं नव्हतं. गिअरचे शाफ्ट, बेअरिंगच्या जागा पक्क्या करणाऱ्या छोट्या पिना, जोडाला गॅस्केट नाही तर नुसतं लिक्विड पॅकिंग. हे सगळं वाचून तो बिचकला. मी म्हणालो, "बाहेरून बसतंय तर बसवू, नाही जमलं तर नंतर उघडता येईलच." आमचं इंजिन त्या वेळी बाकावर होतं. हेड उतरलेली, सिलिंडर उतरलेली, क्लच कव्हर उघडलेलं. केस दुभंगायला फक्त बोल्ट सोडायचे राहिले होते. "नंतर उघडता येईल" याचा खरा अर्थ होता, ही सगळी मेहनत पुन्हा एकदा.

लेथवाल्याला मालकाने सहज विचारलं होतं. तो एवढंच म्हणाला, "दाबलं तर बसेल हो, पण ते टिकण्याची खात्री मी देणार नाही." तिथेच थांबायला हवं होतं.

आणखी एक खूण हुकली. जनरेटरची प्लेट काढली तेव्हा तिच्या मागे तेलकट काळं किटण होतं. ती जागा कोरडी असायला हवी. म्हणजे ते सील गाडी उभी राहण्याच्या आधीपासूनच गळत होतं आणि सीलच्या आतल्या बाजूची बेअरिंगही तपासायला हवी होती. आम्ही ते फडक्याने स्वच्छ पुसलं आणि पुढे गेलो.

टाकी, रंग, वायरिंग

टाकीचा बाहेरचा रंग मूळचा होता. गुडघे घासून दोन्ही बाजूंना खाली धातूपर्यंत झिजलेले पट्टे होते. घरच्यांना गाडी नवी कोरी दिसावी असं वाटत होतं. मालक दोन आठवडे अडखळला, मग म्हणाला, "ते काकांचे गुडघे आहेत, त्यावर रंग मारणार नाही." रंग राहिला. मला हा निर्णय मनापासून पटला. नवा रंग केव्हाही देता येतो, मूळचा एकदाच असतो.

त्यामुळे आतला गंज काढताना बाहेर थेंबही सांडून चालणार नव्हतं. आधी टाकी अनेकदा धुऊन पेट्रोलची वाफ पूर्ण घालवली, मग सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी भरून दोन दिवस ठेवलं, त्यानंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, गरम हवेने सुकवली आणि लगेच आतून तेल फिरवलं. शेवटची पायरी मिनिटांत करावी लागते, नाहीतर ओल्या पत्र्यावर नारिंगी गंज डोळ्यांदेखत चढतो. कोटिंग घातलं नाही, पत्रा जाड होता.

फ्रेम घासून काळी केली, ठोकलेल्या नंबरावर आधी चिकटपट्टी लावून. वायरिंग पूर्ण नवं केलं.

चालू झाली, आणि बिघडली

आठव्या महिन्यात पाचव्या किकला इंजिन सुरू झालं. पॉइंट दोन असतात, प्रत्येक सिलिंडरचा वेगळा. प्लगच्या भोकात डायल गेज लावून दोन्हींचं ठिणगीचं टायमिंग टीडीसीच्या (पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागेच्या) २ मिमी आधी जुळवलं होतं. ऑइल पंपावर लगेच विश्वास नको म्हणून पहिल्या टाकीत तेल पेट्रोलमध्येच मिसळलं होतं. आवाज ऐकून मालक शेडच्या दारात नुसता उभा राहिला. तो क्षण खरंच सुंदर होता.

साठेक किलोमीटर नीट गेले. मग गरम झाल्यावर थ्रॉटल सोडला तरी इंजिन लगेच खाली येईना, फिरतच राही. कधी स्लो (थ्रॉटल न देता चालणारा वेग) इतका चढे की क्लच दाबताना दचकायला व्हावं. आम्ही दोघांनी कार्बोरेटरला दोषी धरलं. तीन आठवडे जेट (कार्बोरेटरमधून पेट्रोल किती जायचं ते ठरवणारी बारीक भोकं) बदलले, दोन्ही कार्बोरेटर एकमेकांशी जुळवले, केबल बदलली. मोठा जेट घातला की दोन दिवस बरं वाटे आणि आमची समजूत आणखी पक्की होई. खरं तर मोठा जेट फक्त आत शिरणारी हवा झाकत होता.

मग एका सरळ लांब रस्त्यावर, वेग उतरवायला थ्रॉटल मिटला आणि डावा पिस्टन सीझ झाला, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकला. मालकाची दोन बोटं सवयीने क्लचवर होती, म्हणून मागचं चाक घसरलं नाही आणि तो पडला नाही. टू-स्ट्रोक चालवणाऱ्याला ही सवय पहिल्या दिवसापासून हवी.

तपासणी

आता आम्ही ते केलं जे जोडणीनंतर, पहिल्या किकच्या आधीच करायला हवं होतं: हवाबंदपणाची चाचणी.

साधन घरचंच. रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि डायल. दोन्ही एक्झॉस्ट रबरी बुचांनी बंद केले, कार्बोरेटर काढून दोन्ही इनटेक बंद केले, एका प्लगच्या भोकातून हवा भरली, दुसऱ्यात प्लग घट्ट. दोन्ही सिलिंडर एकदमच बंद करावे लागतात, कारण क्रँकच्या मधोमध असलेलं लॅबिरिंथ सील रबराचं नसतं आणि एका बाजूची हवा दुसऱ्या बाजूला थोडी झिरपतेच. हे ठाऊक नसेल तर चांगलं इंजिनही नापास होतं.

दाब ३०० मिमी पाऱ्यापर्यंत नेला, म्हणजे साधारण ०.४ बार. मिनिटाला ५० मिमीपर्यंत उतार चालतो असं मानतात. आमचा काटा अर्ध्या मिनिटात १०० वर आला. साबणाचं पाणी डाव्या सीलवर सोडलं तर कडेने बुडबुडे. सील आपल्या जागेवरून दीड मिलिमीटर बाहेर सरकलं होतं. त्यात नवल नव्हतं. मिनिटाला ७००० फेऱ्यांवर त्याच्यामागे सेकंदाला शंभराहून जास्त वेळा दाब आणि पोकळी येते-जाते, आणि त्याला धरून ठेवणारं कडं आम्हीच कापलं होतं. उजव्यासाठी गिअरबॉक्सच्या ब्रीदरवर (हवा जायच्या भोकावर) साबणाचा पापुद्रा धरला. तो फुगला नाही, उजवं शाबूत होतं.

दुसऱ्यांदा

इंजिन पुन्हा खाली उतरलं. या वेळी केस दुभंगलं. ज्याची एवढी भीती होती ते काम एका रविवारी झालं. प्रत्येक थराचे फोटो काढले, बोल्ट पुठ्ठ्यावर केसची आकृती काढून त्यात खोचून ठेवले. गिअरचे शाफ्ट जागच्या जागी बसून राहिले, कुठेही काही निसटलं नाही.

आत पाहिलं आणि दोघंही गप्प झालो. डाव्या बाजूच्या मेन बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके होते. उघड्या प्लगच्या भोकातून गेलेला ओलावा खालपर्यंत पोचला होता. सील टिकलं असतं तरी ही बेअरिंग फार काळ टिकली नसती, आणि ती फुटली असती तर क्रँक आणि केस दोन्ही गेले असते. म्हणजे सीलने बाहेर सरकून एका अर्थी इशाराच दिला.

क्रँक प्रेस करून जोडलेला असतो, त्यामुळे तो घरी उघडला नाही. जाणत्या कारागिराकडे देऊन मेन बेअरिंग बदलून घेतली आणि डायल गेजवर सरळ करून घेतला. नवी सील कड्यासकट खाचेत बसवली. डाव्या सिलिंडरच्या भिंतीला चिकटलेलं ॲल्युमिनियम बारीक पेपर आणि होनने (सिलिंडर आतून घासायच्या हत्याराने) निघालं, खाली ओरखडा नव्हता. त्याच मापाचा नवा पिस्टन बसला. एक जरी खोल रेघ असती तर पुढची पायरी उरलीच नव्हती. त्या दोन दिवसांत बोअरचा जुना निर्णय सारखा आठवत होता.

जोडणी झाल्यावर, इंजिन फ्रेममध्ये चढवण्याआधी, पुन्हा फुगा आणि डायल. सहा मिनिटांत काटा ३०० वरून २८५ वर. मग टायमिंग नव्याने जुळवलं आणि मूळचे जेट परत घातले. मूळच्या जेटवर इंजिन लगेच शांत चाललं, थ्रॉटल सोडताच खाली आलं. तीन आठवडे ज्याच्याशी झुंजलो तो कार्बोरेटर निर्दोष होता.

परिणाम

चौदाव्या महिन्यात गाडी रस्त्यावर आली. रनिंग-इन नीट पार पडलं, दोन्ही प्लगचा रंग सारखा बदामी आहे, धूर सुरू करतानाच काय तो थोडा. दुसऱ्या खोलणीने अकरा आठवडे खाल्ले. पहिल्या खेपेला केस उघडलं असतं तर त्याच कामाला एक रविवार आणि क्रँकच्या कारागिराकडचे थोडे दिवस लागले असते.

वेगळं काय करता आलं असतं

जनरेटरमागचं काळं किटण पुसण्याआधी त्याचा अर्थ लावायला हवा होता. जुन्या इंजिनात घाण हीच नोंदवही असते. आता आम्ही कोणतीही प्लेट उघडली की आधी फोटो, मग फडकं.

इतकी वर्षं उभ्या टू-स्ट्रोकचं केस उघडावं की नाही, हा प्रश्न मी आता विचारत नाही. विशेषतः प्लगचं भोक उघडं राहिलं असेल तर. ज्यांनी बाहेरून सील दाबून वर्षानुवर्षं गाडी चालवली त्यांना मी खोटं पाडत नाही. रोज चालणाऱ्या गाडीत आतली बेअरिंग कशी आहे याचा अंदाज असतो, उभ्या गाडीत तो नसतो.

आणि चाचणी जेटच्या आधी. गरम झाल्यावर स्लो चढतो, थ्रॉटल सोडल्यावर इंजिन रेंगाळतं, ही हवा शिरण्याची लक्षणं आम्हा दोघांनाही पुस्तकातून ठाऊक होती. पण कार्बोरेटर बाहेरून हाताला लागतो आणि सील लागत नाही, म्हणून आम्ही हाताला लागणाऱ्या गोष्टीला दोष देत राहिलो.

स्लीव्हचं काम आता टळलेलं नाही, लांबलं आहे. मालकाने दोन्ही सिलिंडरची वर, मध्ये आणि खाली घेतलेली मापं तारखेसह वहीत लिहून ठेवली आहेत. रबरी बुचं, फुगा आणि डायल एका डब्यात भरून बाकाखाली ठेवले आहेत, आणि दर वर्षी गाडी बाहेर काढण्याआधी तो डबा उघडला जातो.